दहा टेकाडांचें गांव

'गांव' हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें वेस, चावडी आणि एकमेकांस टेकून उभीं असलेलीं घरें येतात. जर्मनीच्या उत्तर समुद्रांतील हूगे हें गांव निराळें आहे. सुमारें शंभर माणसांची ही वस्ती एका सखल बेटावर दहा ठिकाणीं विखुरलेली आहे. मध्यें नुसतें कुरण. तरी कारभाराच्या दृष्टीनें तें एकच गांव.

ही पांगापांग कोणाच्या लहरीनें झालेली नाहीं. असल्या बेटास तिकडे 'हॅलिग' म्हणतात. वादळी भरती आली कीं कुरण पाण्याखालीं जातें. म्हणून लोकांनीं मातीचीं टेकाडें रचून त्यांवर घरें बांधिलीं. या किनाऱ्याच्या दक्षिणभागीं टेकाडांवर राहणाऱ्या लोकांविषयीं रोमन ग्रंथकार प्लिनी यानें पहिल्या शतकांतच लिहून ठेविलें आहे. भरतीच्या वेळीं ते त्याला जहाजावरील खलाशांसारखे दिसले. प्यावयास खड्ड्यांत सांठविलेलें पावसाचें पाणी तेवढें. असल्या लोकांनाही रोमचें अंकितत्व गुलामगिरी वाटावी, याचें त्याला नवल वाटलें. मला त्याच्या नवलाचेंच नवल वाटतें!

हूगेचा जीवही गोड्या पाण्यांतच होता. टेकाडावर गुरांसाठीं पावसाच्या पाण्याचें तळें आणि माणसांसाठीं निराळें टांकें असे. खारी लाट वर चढली कीं घर वांचलें तरी पाणी गेलें.

१६३४ च्या ऑक्टोबरांतील तुफानानें शेजारच्या स्ट्रांड बेटाचे तुकडे केले. तेथें सहा हजारांहून अधिक माणसें बुडालीं. त्या प्रलयांत गेलेल्या एका चर्चचें सामान वापरून हूगेकरांनीं आपलें चर्च उभारिलें. पुढें १८२५ च्या फेब्रुवारींत समुद्र टेकाडांवरच चढला आणि बहुतेक घरें पडलीं. हा मुलूख तेव्हां डेन्मार्कच्या राजाकडे होता. राजा सहावा फ्रेडरिक जुलैमध्यें स्वतः पाहणीस आला, आणि समुद्रानें त्यालाही अडविलें! परत जातां येईना, म्हणून एका तांडेलाच्या घरीं त्यानें रात्र काढिली. डच फरशांनीं मढविलेली ती खोली आजही पाहावयास मिळते.

१९११ ते १९१४ या काळांत बेटाभोंवतीं ठेंगणा बांध घातला गेला. तरी १९६२ च्या फेब्रुवारींत पुन्हां तोच प्रसंग आला. त्यानंतर घरांच्या माडीवर काँक्रीटच्या खांबांवर तोललेली एकेक खोली बांधण्यांत आली. भिंती कोसळल्या तरी ती उभी राहावी, हा हेतु. पुढें मुख्य भूमीवरून पाण्याचा नळही आला.

अद्यापि हिवाळी वादळांत पाणी बांधावरून आंत येतें. मग ओहोटी लागेपर्यंत एका गांवाचीं दहा बेटें होतात, आणि शेजाऱ्याच्या खिडकींतला दिवा तेवढा दिसतो.