कर्नलची फेरफार वही

फाईल उघडायची असो, नेटवर्कवर काही पाठवायचे असो की नवा प्रोग्राम चालवायचा असो, चालू प्रोग्रामला कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, मागणी करावी लागते. ही मागणी म्हणजे सिस्टीम कॉल. सुरक्षा तपासणीसाठी अशा कॉलची नोंद ठेवता येते. पण सगळेच नोंदवले तर हाती फक्त रद्दी उरते. म्हणून कॉलचे गट पाडून कोणता गट नोंदवायचा हे आधी ठरवतात.

महसूल खात्याला हे कोडे जुनेच. शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही तलाठी सज्जाचे दप्तर गाव नमुना 1 ते 21 मध्ये वाटलेले असते. खरेदी, वारस, बोजा असा हक्कातला बदल नमुना 6 च्या फेरफार नोंदवहीत क्रमांकाने चढतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, मग सातबारा बदलतो. वारसांची वही 6 क, तक्रारींची 6 अ. शेतात भात आहे की नागली, हे नमुना 12 मध्ये. मालकी तपासणाऱ्याला तिकडे पाहावे लागत नाही. समृद्धी महामार्गात गेलेल्या शहापूर तालुक्यातल्या एखाद्या जमिनीच्या गटाचा माग काढायचा, तर सातबाऱ्यावर नावाजवळ दिलेला फेरफार क्रमांक धरूनच मागे जावे लागते.

संगणकात ही शिस्त सरकारी अटीमुळे आली. अमेरिकी संरक्षण खात्याने 1985 मध्ये मानक म्हणून स्वीकारलेल्या, नारिंगी मुखपृष्ठाच्या पुस्तकाने सी2 या सुरक्षा दर्जासाठी नोंदी ठेवणे सक्तीचे केले. 1990 च्या दशकात सन कंपनीच्या सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये नोंदी ठेवणारा बीएसएम हा भाग आला. त्यात वाचणे, लिहिणे, फाईल निर्माण करणे, पुसणे, प्रक्रिया, नेटवर्क, लॉगिन असे वर्ग होते. प्रत्येक वर्गाला एका आकड्यातला एक बिट दिलेला. वापरकर्त्यासाठी निवडलेले बिट आणि घटनेचे बिट जुळले, तरच नोंद. खरी अडचण 'ओपन' या एका कॉलने केली. त्याने फाईल वाचायला उघडते, लिहायला उघडते, नसेल तर निर्माण होते, असेल तर रिकामीही होते. नुसत्या नावावरून वर्ग ठरेना, म्हणून त्याच्या 12 वेगळ्या घटना केल्या. दस्त वाचल्याशिवाय तलाठ्यालाही वही निवडता येत नाहीच. हीच रचना पुढे ओपनबीएसएम या नावाने फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या 2007 च्या 6.2 आवृत्तीत आली.

लिनक्समध्ये ऑडिट यंत्रणा 2004 मध्ये, 2.6 मालिकेत आली. फाईलवरचा पहारा तिथे वाचणे, लिहिणे, चालवणे आणि गुणधर्म बदलणे या चार एकाक्षरी परवानग्यांनी मांडतात. त्यामागे कॉलच्या याद्या असतात. याद्या प्रोसेसरनुसार वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण 'ओपन'चा क्रमांक 32 बिट इंटेल यंत्रावर 5, तर 64 बिटवर 2.

यादी हाताने सांभाळायची म्हणजे चूक आलीच. मार्च 2020 च्या 5.6 आवृत्तीत 'ओपनॲट2' हा नवा कॉल आला, पण वर्गवारीत त्याचे नाव चढले नाही. परवानगीच्या नियमाने राखलेली फाईल या कॉलने उघडली, तर तो नियम लागूच होत नसे. वर्गवारीत त्याची नोंद जानेवारी 2022 मध्ये, 5.16 आवृत्तीत झाली.