मेकिनेन्सा : बुडालेले गाव आणि आणलेला मासा

स्पेन देशातील एब्रो नदीच्या काठी मेकिनेन्सा नावाचे एक लहानसे गाव आहे. दिवस कलू लागला की दूरदूरच्या देशांतून आलेले गळाचे शौकीन तेथील एखाद्या माहितगार वाटाड्यास बरोबर घेऊन नदीवर जातात. होडी कोठे लावावी, आमिषाच्या गोळ्या किती व कोणत्या खोलीवर टाकाव्यात, हे सर्व वाटाड्याच ठरवितो. पुढे काठावर काठ्या रोवून, त्यांच्या टोकांस घंटा बांधून, सर्व मंडळी स्वस्थ बसून राहतात. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो मासा म्हणजे युरोपातील थोरला मिशाळ मासा होय. आपल्याकडील शिंगाळा, मागूर इत्यादी मिशांच्या माशांचाच तो दूरचा भाऊबंद. परंतु अंगाने असा की, दोन मीटर लांबीचा मासा तेथे नवलाचा मानीत नाहीत, आणि मोठ्याचे वजन शंभर किलोंच्याही पलीकडे जाते. त्याचे डोळे अगदी बारीक. मात्र वरच्या जबड्याच्या दोन लांब व खालच्या चार आखूड मिशांनी तो गढूळ पाण्यातही भक्ष्य हुडकतो. म्हणूनच त्याच्या शिकारीस संध्याकाळ उत्तम.

अंधार पडत असता घंटा वाजते, काठी कमानीसारखी वाकते आणि पुष्कळ वेळ ओढाताण होऊन ते प्रचंड धूड काठाशी येते. हे दृश्य पाहणारास सहजच वाटावे की, हा प्राणी ह्या नदीइतकाच पुरातन असला पाहिजे. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. एब्रो नदीस ह्या माशाची ओळख होऊन उणीपुरी पन्नास वर्षे झाली आहेत.

ह्या माशाचे मूळ घर डॅन्यूब, व्होल्गा इत्यादी पूर्वेकडील नद्यांत. डॅन्यूबच्या खोऱ्यातील कोळी लाकडाचे एक वाकडे हत्यार पाण्यावर विशिष्ट रीतीने आपटून त्याच्या आवाजाने ह्या माशास तळातून वर आणीत. अॅरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात ग्लानिस नावाच्या माशाचे वर्णन केले असून, त्यातील नर चाळीस-पन्नास दिवस अंड्यांची राखण करतो, असे नमूद केले आहे. पुष्कळांनी ती कल्पित कथा मानली; परंतु एकोणिसाव्या शतकात आगासी ह्या प्राणिशास्त्रज्ञाने ग्रीसमधील मासे तपासून तो ग्लानिस म्हणजे ह्याच कुळातील एक निराळी जात असल्याचे दाखविले, व तीस अॅरिस्टॉटलचेच नाव मिळाले. पिरेनीज पर्वताच्या दक्षिणेस मात्र हे मासे नव्हते.

आता मेकिनेन्साकडे वळू. सेग्रे व सिंका ह्या नद्यांचे पाणी एब्रोस मिळते, त्या संगमावर हे गाव वसलेले असल्याने नौकानयन हाच त्याचा प्राण होता. आसपासच्या खाणींतील कोळसा मोठ्या नावांत भरून प्रवाहाबरोबर खाली न्यावयाचा, आणि रिकाम्या नावा काठावरून दोरांनी ओढीत परत आणावयाच्या, हा तेथील जीवनक्रम. 1938 साली यादवी युद्धातील एब्रोची लढाई ह्याच टापूत पेटली. तीतूनही गाव उरले. बांधांतून मात्र उरले नाही. फ्रँकोच्या हुकूमशाहीत सरकारी वीज कंपनीने ह्या भागात धरणांची मालिका उभारली. मेकिनेन्साचे धरण 1966 साली पुरे झाले. ते गावाच्या वरच्या अंगास असल्याने त्याने गाव बुडाले नाही. बुडाले ते खालच्या अंगास लगोलग बांधलेल्या रिबारोजाच्या धरणाने. घरे पाडण्यात आली आणि लोकांस सेग्रेच्या काठी नव्या गावात जावे लागले. गावचेच सुपुत्र कादंबरीकार जेझुस मोंकादा यांनी 1988 सालच्या आपल्या कादंबरीत ह्या गावास साहित्यात पुनर्जन्म दिला. तिचे नाव त्यांनी नावा ओढण्याच्या त्या जुन्या वाटेवरूनच ठेवले.

लोक जुने घर सोडीत होते, त्याच सुमारास, म्हणजे 1974 साली, एका जर्मन हौशी गृहस्थाने डॅन्यूबकडील ह्या माशाची थोडीशी पिले आणून येथील पाण्यात सोडली. वाहती नदी असती तर ती कितपत टिकली असती, कोण जाणे. परंतु धरणांनी नदीचे संथ, कोमट, खोल तलाव करून ठेवले होते आणि तेच ह्या पाहुण्यास मानवले. समुद्राकडून येणाऱ्या वाम माशांची वाट त्याच धरणांनी अडविली; मूळच्या बार्बेल माशांवर ह्या नव्या भक्षकाची धाड पडली. 2013 साली स्पेनने ह्या जातीस आक्रमक परकीय जातींच्या यादीत ठेवले. जो कायद्याच्या दृष्टीने घुसखोर, तोच मेकिनेन्साच्या दृष्टीने अन्नदाता आहे. कारण खानावळी, होड्या, वाटाडे या सर्वांचा संसार त्याच्यावर चालतो.

ह्यात दोष कोणास द्यावा? वाटाड्यास देणे अन्यायाचे होईल. ज्या नदीने त्याच्या आज्यास नाविक केले, तिचे वाहणे दुसऱ्यांनी थांबविले, आणि तिच्यात जे शिल्लक राहिले त्यावर तो पोट भरतो. आपल्याकडेही उजनीच्या जलाशयात पळसदेवाचे जुने मंदिर बुडाले, आणि त्याच पाण्यात चिलापी हा परका मासा जाळ्यात येऊ लागला. धरण बांधताना बुडणाऱ्या घरांची मोजदाद होते. नदीतील जीवजातींची करण्याचे कोणास सुचत नाही. घराची भरपाई अपुरी का होईना, मिळते. एकदा सोडलेली मूठभर पिले मात्र कोणासही परत वेचून घेता आलेली नाहीत.

मेकिनेन्साचा जुना किल्ला टेकडीवरून आजही हे सर्व पाहत आहे. खाली मोडक्या भिंतींजवळून वाटाड्याची होडी जाते. त्याच्या पाहुण्यास माशाची लांबी जाणून घ्यावयाची असते. ती तो सांगतो. गावाची खोली किती, हे विचारणारा पाहुणा मात्र विरळा.