पतसंस्था, सहकारी

सभासदांच्या ठेवी स्वीकारून त्यांनाच कर्जे देणारी, सभासदांच्या मालकीची वित्तसंस्था. शुल्झ-डेलिच व राइफायझेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत ही कल्पना रुजवली (पहा : सहकारी चळवळ). भारतात 1904 च्या कायद्याने तिला आधार दिला. महाराष्ट्रातील बहुतेक पतसंस्था 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदवलेल्या आहेत.

भाग कितीही असले तरी सभासदास मत एकच. पिग्मी व मुदत ठेवी, सोनेतारण आणि जामीनकी कर्जे हे मुख्य व्यवहार. पिग्मी प्रतिनिधी दुकानोदुकानी फिरून रोजची बचत गोळा करतो. लहान व्यापारी व फेरीवाले यांना पतसंस्थेचा खरा उपयोग इथेच होतो.

पतसंस्था बँक नसल्याने देखरेख रिझर्व्ह बँकेकडे नसून सहकार निबंधकाकडे असते. सर्वांत गंभीर उणीव ठेवविम्याची : सहकारी बँकेतील ठेवीदारास 2020 पासून 5 लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीदारास ते नाही (पहा : ठेव विमा). चढ्या व्याजाने घेतलेल्या ठेवींमुळे कर्जेही महाग होतात. थकबाकी वाढली की ठेवी परत करणे अडते. 1960 च्या अधिनियमाच्या कलम 101 खालील वसुली दाखल्यानंतरही तारण मालमत्तेची विक्री रेंगाळू शकते. मोबाइलवरील देयक व्यवस्थेत थेट प्रवेश नसल्याने पतसंस्थांना त्यासाठी बँकांवर अवलंबून राहावे लागते (पहा : सहकारी बँक).