जमीन पाहायची म्हणजे काय पाहायचं? इंदापूरची 1836 ची पाहणी

हल्ली जमीन घेणारा आधी दर विचारतो, मग रस्ता किती फुटी ते विचारतो. माती कुणी हातात घेत नाही. आणि आपलं कळस ज्या इंदापूर तालुक्यात आहे, तिथेच जमीन तपासून तिची आकारणी करायची रीत बसली. पुढे ती साऱ्या मुंबई इलाख्यात गेली.

त्याआधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने एक पाहणी केली होती. हा हेलीबरीला माल्थसकडे शिकलेला. पिकातून खर्च वजा करायचा, उरेल त्या निव्वळ उत्पन्नाचे 55 टक्के सरकारचे, असा त्याचा हिशेब. तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून मला या विचाराची भुरळ पडते, खोटं कशाला बोलू! पण निव्वळ उत्पन्न शेतात दिसत नाही, ते कागदावर काढावं लागतं, आणि कागद कारकुनांच्या हाती. लाच देऊन आकडे फिरले, सारा डोईजड झाला. त्यात धान्याचे भाव पडलेले. शेतं ओस पडली, काही कुणबी निजामाच्या मुलखात निघून गेले.

1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट आले. त्यांनी सिद्धांत बाजूला ठेवला. गावाने मागे खरोखर किती सारा भरला होता ते पाहिलं, आणि शेताची माती पाहिली. 1847 च्या संयुक्त अहवालात ही रीत पक्की झाली. मातीची खोली हाताने मोजायची, पावणेदोन हात खोल असेल तर ती वरची. मग रंग आणि पोत. मग दोष: चुनखडी, वाळू, उतार, पाणी न जिरणं, ओढ्याच्या पाण्याने वाहून जाणं. एकेका दोषाला एक प्रत खाली. मोल आण्यांत, उत्तम जमीन सोळा आणे. पाऊसपाणी आणि बाजाराचं अंतर यांवरून गावाचा दर वेगळा. 1836 ला इंदापुरात बसवलेला दर तीस वर्षं कायम.

आता गंमत बघा. सारा हलका आणि कायम झाला, तशी जमिनीला बाजारात किंमत आली, आणि किंमत आली म्हणून सावकार ती गहाण घेऊ लागला. 12 मे 1875 ला सुप्यात, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, दंगा झाला तेव्हा लोक सावकारांची खतं शोधत होते. मातीची प्रत सोळा आणे असली तरी तिच्यावरचा बोजा त्या प्रतवारीत दिसत नव्हता. हक्कनोंदीचा कायदा त्यानंतर, 1903 चा.

म्हणून सातबारा घ्याल तेव्हा ‘आकार’ या रकान्याशी थांबू नका. ‘इतर अधिकार’ वाचा, भोगवटादार वर्ग 2 आहे का पाहा, आणि जुने फेरफार एकेक करून मागे मागे काढा. सातबाऱ्यावर नाव असणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नव्हे. 1966 च्या महसूल संहितेप्रमाणे ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंतच खरी धरतात. आणि शेतजमीन असेल तर घेणारा स्वतः शेतकरी आहे का, हा 1948 च्या कुळकायद्याचा प्रश्न इसार देण्याआधीच सोडवा.

हे झालं की शेतात जा. चार ठिकाणी हात-दोन हात खड्डा घ्या आणि मुरूम कुठे लागतो ते बघा.