दिनविशेष : १८ जुलै – मर्सी बोगद्याचे श्वासगृह

१९३४ साली आजच्या दिवशी बादशहा पंचम जॉर्ज यांनी लिव्हरपूल आणि बर्कनहेड या शहरांना मर्सी नदीच्या तळाखालून जोडणारा, सुमारे सव्वातीन किलोमीटर लांबीचा क्वीन्सवे बोगदा रहदारीस खुला केला. मोटारींचा विषारी धूर बाहेर खेचून ताजी हवा आत लोटण्यासाठी दोन्ही काठांवर मिळून सहा वायुवीजनगृहे उभारणे प्राप्त होते. त्यांपैकी जॉर्जेस डॉक येथील इमारतीस, ती केवळ पंख्यांची कोठी असूनही, वास्तुविशारद हर्बर्ट राउज यांनी पोर्टलंडच्या फिकट पाषाणात असे काही गांभीर्य बहाल केले, की धूर सोडणारा तिचा मधला मनोरा पाहून तिच्या कामाचा अंदाजही येऊ नये. एडमंड थॉम्पसन व जॉर्ज कॅपस्टिक यांची शिल्पे हे तिचे खरे वैभव होय. दर्शनी भिंतीवर शिरस्त्राण आणि मोटारस्वाराचा चष्मा ल्यालेला ‘वेग’ हा आधुनिक देवदूत सरळ उभा आहे. आणि आपले वेरूळ ज्या जातीच्या कातळात कोरले गेले, त्याच बसॉल्टच्या कृष्णवर्ण ‘दिवस’ व ‘रात्र’ या मूर्ती, बोगदा अहोरात्र जागा असल्याची ग्वाही देत आसनस्थ आहेत. यंत्राच्या घराला इतक्या आदराने सजविणे हा त्या पिढीचा मोठेपणाच म्हटला पाहिजे. महायुद्धातील बाँबवर्षावात या इमारतीची अतोनात हानी झाली, तेव्हा १९५१-५२ मध्ये राउज यांनीच तिची पुनर्बांधणी केली.