शेतीपंपाची मोटार : जोडणी व दुरुस्ती

नीरेकाठच्या सांगवी (ता. बारामती) परिसरातील उसाला विहिरीचे, नदीचे पाणी विजेच्या पंपाने चढते, त्यामुळे पंपाची मोटार जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे कौशल्य येथे शेतीचाच भाग आहे. आयटीआयचा वीजतंत्री अभ्यासक्रम २ वर्षांचा. हात मात्र वायंडिंगच्या दुकानातच बसतो. थ्री-फेज मोटार उलटी फिरली, तर कोणत्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल कराव्यात. एक फेज गेली की थांबलेली मोटार नुसती घुमते. चालू असलेली उरलेल्या दोन फेजमधून जादा करंट ओढते आणि वायंडिंग जळते. म्हणून स्टार्टरमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हवाच. तो काढून टाकणे ही खोटी काटकसर होय. शिकाऊने आधी पुरवठा तोडून टेस्टरने खात्री करावी, मग मेगरने वायंडिंग व बॉडी यांतील रोध मोजावा. तो १ मेगओहमखाली असल्यास मोटार सुरू करू नये.