धूळपाटी, शिळाछाप आणि दर्पणकारांची पाठ्यपुस्तके

देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे गाव वर्षातून एकदा, ६ जानेवारीस, वृत्तपत्रांच्या बातमीत येते. १८३२ साली याच तारखेस बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईत ‘दर्पण’ हे पत्र सुरू केले. त्या स्मरणार्थ महाराष्ट्रात हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो आणि त्यांच्या जन्मग्रामी उभारलेल्या स्मारकाशी पत्रकार मंडळी जमतात. हा गौरव सर्वथा उचित आहे. मात्र त्याच्या झळाळीत बाळशास्त्रींच्या आयुष्याचा दुसरा, किंबहुना अधिक मोठा भाग झाकोळून जातो. बाळशास्त्री व्यवसायाने शिक्षक होते, आणि शाळेसाठी पुस्तके तयार करणे व करवून घेणे हे त्यांच्या नोकरीचे मुख्य काम होते. आजच्या भाषेत बोलायचे तर वर्गात नवे तंत्रज्ञान आणणाऱ्या पहिल्या पिढीतील ते एक अग्रणी होत. ते तंत्रज्ञान म्हणजे छापील पाठ्यपुस्तक. आज पुस्तकास कोणी तंत्रज्ञान म्हणत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे. परंतु १८३० च्या सुमारास कोकणातल्या मुलाच्या हाती पडलेले छापील पुस्तक ही संगणकाहून कमी नवलाची वस्तू नव्हती.

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ चा. त्याच वर्षी करवीर दरबाराने मालवण इंग्रजांच्या स्वाधीन केले. पेशव्यांकडील कोकण आणखी सहा वर्षांनी, १८१८ मध्ये गेले. राज्य पालटले तरी शाळा पालटली नव्हती. गावातील पंतोजी एखाद्याच्या पडवीत किंवा देवळाच्या ओवरीत मुले जमवून बसत. लाकडी पाटीवर बारीक धूळ किंवा विटेचा भुगा पसरायचा, काडीने अक्षर काढायचे, हाताने पुसायचे, पुन्हा काढायचे. हीच धूळपाटी. पुढे बोरू, शाई आणि मोडी अक्षरांचे वळण. अंक, उजळणी, पावकी, निमकी, दिडकी यांचा एका सुरात परवचा होई. पुस्तक बहुधा नव्हतेच. पंतोजींच्या स्मरणात असेल तेवढा अभ्यासक्रम. शास्त्रीपंडितांच्या घरी विद्या पित्याकडून पुत्राकडे मुखोद्गत जाई. बाळशास्त्रींनीही आरंभीचे संस्कृत अध्ययन वडील गंगाधरशास्त्री यांच्यापाशी केले.

या साध्या शाळेस हिणवण्याची प्रथा पुढे पडली, ती अन्यायाची आहे. मद्रासेतील अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली. त्यांनी तीच रीत आपल्या शाळेत आणली, तिला मोठ्या मुलांनी लहानांस शिकविण्याची जोड दिली आणि १७९७ साली लंडनमध्ये तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. बेल आणि जोसेफ लँकेस्टर यांच्या नावांनी ही पद्धत इंग्लंडातील गरिबांच्या शाळांत पसरली. आणि १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यात विलायती सुधारणा म्हणून तिची शिफारस झाली! धुळीत अक्षर काढणाऱ्या कोकणी पोरास आपली पाटी विलायत पाहून आली आहे, याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

मुद्रणाची कहाणी याहून चमत्कारिक आहे. मालवणपासून दक्षिणेस किनाऱ्याकिनाऱ्याने गेले की गोवे लागते. त्या गोव्यात सेंट पॉल विद्यालयात १५५६ साली छापखाना चालू झाला. भारतातील तो पहिला. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, तेही रोमन लिपीत. शंभरेक किलोमीटरवर यंत्र होते, मराठी भाषाही त्यावर चढली होती. तरी मालवण-देवगडच्या शाळांत त्याचा एक कागद पोचला नाही. ते यंत्र धर्मप्रसारासाठी होते, त्याची लिपी परकी होती, आणि मधली सीमा दोन राज्यांची होती. यंत्र जवळ असणे आणि विद्या जवळ येणे यांत अडीच शतकांहून अधिक काळ गेला.

तो काळ संपविण्याचे कार्य मुंबईत झाले. १८२२ साली शाळा व शालेय पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. तीच पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ म्हणून प्रसिद्धीस आली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी डिसेंबर १८२३ च्या आपल्या टिपणात शाळांची संख्या व शिकविण्याची रीत यांच्या बरोबरीने पुस्तकांच्या पुरवठ्यावर भर दिला. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने गणिताचे ग्रंथ मराठीत आणले. सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांनी ‘इसापनीती’ व ‘बाळमित्र’ सिद्ध केले. या उद्योगात शिळाछापाचे मोठे साहाय्य झाले. देवनागरीचे खिळे पाडणे खर्चाचे आणि वेळखाऊ; जोडाक्षरे, काना-मात्रा, वेलांट्या मिळून शेकडो साचे लागत. शिळाछापात लेखकाने स्निग्ध शाईने सुवाच्य लिहिले, ते गुळगुळीत दगडावर उमटविले आणि दगड ओला करून शाईचा रूळ फिरविला की काम झाले. ओल्या भागावर शाई धरत नाही, स्निग्ध अक्षरांवर मात्र बसते. भूमितीची आकृती किंवा नकाशा अक्षराइतक्याच सहजतेने छापता येई. मराठी शाळेस नकाशा आणि त्रिकोण डोळ्यांनी दिसला, त्यात या दगडाचा वाटा मोठा आहे.

याच सुमारास, वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी, बाळशास्त्री मुंबईस आले आणि बापू छत्रे यांच्या आश्रयाने शिकले. १८३० मध्ये ते सोसायटीचे उपसचिव व १८३२ मध्ये ‘नेटिव्ह सेक्रेटरी’ झाले. ‘दर्पण’ चालविणारा हा वीस वर्षांचा तरुण दिवसा पाठ्यपुस्तकांचा कारभार पाहत होता. १८३४ पासून ते एल्फिन्स्टन संस्थेत गणिताचे साहाय्यक अध्यापक होते; दादाभाई नौरोजी हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी. ‘नीतिकथा’, ‘बालव्याकरण’, ‘भूगोलविद्या’, ‘इंग्लंड देशाची बखर’ अशी पुस्तके त्यांनी लिहिली. ‘शून्यलब्धि’ या ग्रंथात तर त्यांनी कलनशास्त्र मराठीत आणले. नुसत्या शीर्षकातून दिसते की नवा विषय आणताना त्यांनी त्यासाठी संस्कृतातून नवी परिभाषा घडविली. १८४० साली काढलेल्या ‘दिग्दर्शन’ मासिकात त्यांनी भूगोल, पदार्थविज्ञान, इतिहास यांवर लेख दिले आणि १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर प्रसिद्ध केली.

त्याच १८४५ साली मुंबईत शिक्षक तयार करण्याचा वर्ग सुरू झाला व त्याची धुरा बाळशास्त्रींकडे आली. या घटनेकडे चरित्रकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. पंधरा वर्षे पुस्तके लिहून, तपासून, गावोगाव धाडून झाल्यावर हा विद्वान अध्यापक घडविण्याकडे वळला. पंतोजींच्या हाती भूगोलाचे पुस्तक दिले तरी पृथ्वी गोल असल्याचे त्यांनाच पटलेले नसेल, तर मुले ते वाक्य परवच्यासारखे घोकणार, हे शाळांचा कारभार पाहणाऱ्यास कळावयास वेळ लागला नसेल. वर्ग रुजण्यापूर्वीच, १८४६ च्या मे महिन्यात, बाळशास्त्री निवर्तले. वय अवघे चौतीस.

१८५५ मध्ये सरकारी शिक्षणखाते स्थापन झाले, मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके निघाली आणि छापील अभ्यासक्रम किनाऱ्यावर उतरू लागला. उतरू लागला हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. कारण मुंबईचा माल गलबतांनी व नंतर आगबोटींनी मालवण-वेंगुर्ल्यास येई आणि पावसाळ्यात बंदरे बंद राहत. उरे ती घाटवाट. पुस्तकाने जे दिले ते अमूल्य होते: पंतोजींच्या मर्जीवर व स्मरणावर अवलंबून असलेली विद्या कोणाही वाचणाऱ्याची झाली. ज्यांना शास्त्र्यांच्या ओटीवर पाय ठेवता येत नव्हता, त्यांच्या घरांत पुढेमागे पुस्तक शिरले, ते याच मार्गाने.

त्याची किंमतही पडली. मोडी हळूहळू मागे सरली व विसाव्या शतकाच्या मध्यास शाळेतून गेली; आज आजोबांचे दस्तऐवज वाचण्यास नातवास जाणकार शोधावा लागतो. दुसरी गोष्ट भाषेची. घरी ‘झील’ आणि ‘चेडू’ म्हणणारे, ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ बोलणारे मूल शाळेत ‘मुलगा’, ‘मुलगी’, ‘मला’, ‘तुला’, ‘कुठे’ वाचू लागले. पंतोजी गावचेच असत आणि समजावून सांगताना गावचीच बोली बोलत. छापील पानास बोली नसते. मालवणी मुलास पहिलीच्या पुस्तकात अर्धी परभाषा शिकावी लागते, हे अद्याप पुरतेपणी कोणी ध्यानात घेतलेले नाही. चांगला गुरुजी मात्र आजही ‘कुठे’ म्हणजे ‘खंय’ असे सांगूनच पुढे जातो.

विसाव्या शतकातील साधनांची नोंद थोडक्यात पुरेशी आहे. १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना होऊन साऱ्या राज्यास एक पुस्तक मिळाले. १९७७ मध्ये रत्नागिरी आकाशवाणी केंद्राने कोकणास स्वतःचा आवाज दिला. १९८१ च्या १ मे रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि शालेय पाठ दूरदर्शनवर आले. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. पुढे संगणककक्ष आले, आणि २०१७-१८ पासून पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोडची काळी-पांढरी चौकट दिसू लागली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्या प्रयोगास त्याचे मोठे श्रेय आहे. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला.

त्याच २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यासक्रम पोचविण्याचा सारा भार एका यंत्रावर पडला. सह्याद्रीच्या पायथ्याची वळणे, दऱ्या आणि दाट झाडी यांमुळे सिंधुदुर्गातील अनेक वाड्यांवर भ्रमणध्वनीच्या लहरी पोचत नाहीत. कणकवली तालुक्यातील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने नेटवर्क मिळणारी जागा डोंगरावर शोधली. भावांनी तेथे झोपडी बांधून दिली, आणि ऐन पावसाळ्यात ती दिवसभर त्या झोपडीत बसून वर्गाचे पाठ ऐकत राहिली. ही वार्ता देशभर गाजली. ज्यांच्या घरी असा फोनच नव्हता त्यांच्याविषयी वार्ता झाली नाही. पुढच्या वर्षी, १६ मे २०२१ च्या सुमारास, तौक्ते चक्रीवादळ मालवण-देवगड किनाऱ्यास घासून गेले. विजेचे खांब कोसळले, अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली, आणि फोन निकामी झाले.

त्या दोन वर्षांत समग्र शिक्षा अभियानातून आलेली बालभारतीची पुस्तके शिक्षक घरोघर नेऊन देत होते. पुस्तकातील क्यूआर कोड उघडत नसे. त्याच्या शेजारचा धडा मूल ओटीवर बसून वाचे, आणि अडलेला शब्द गुरुजी अंगणात उभे राहून, तोंडावरची पट्टी किंचित खाली करून, मालवणीत सांगत.